घरभर हिंडणाऱ्या सशाला स्वतःची जागा हवी का?

मीरा-भाईंदरच्या इमारतींमध्ये, विशेषतः जैन कुटुंबांत, ससा पाळण्याकडे ओढा का असतो, याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. कुत्र्यामांजरांच्या आहाराचा प्रश्न शाकाहारी घरात पहिल्याच दिवशी उभा राहतो. ससा मात्र जन्मतःच तृणाहारी. तो भुंकत नाही, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, सोसायटीच्या सभेत त्याच्याविषयी तक्रार येत नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत, जिथे माणसांनाच जागा मोजून घ्यावी लागते, तिथे एवढासा जीव सहज मावेल असे वाटते. अहिंसेच्या दृष्टीनेही निर्दोष आणि जागेच्या दृष्टीनेही सोयीचा, असा हा पाहुणा.

तो घरी येतो बहुधा एखाद्या वाढदिवसाच्या निमित्ताने, आणि दुकानदाराने सोबत दिलेल्या तारेच्या पिंजऱ्यासह. पिंजरा दोन फूट लांब, दीड फूट रुंद, तळालाही जाळीच. आठवडाभरात घरातील वडीलधाऱ्यांचे, बहुतेक वेळा आजीचे, मन ते दृश्य पाहून अस्वस्थ होऊ लागते. जिवाला असे कोंडून ठेवणे श्रावकाच्या घरात शोभते का, असा तिचा प्रश्न असतो. पिंजरा माळ्यावर जातो, ससा दिवाणखान्यात मोकळा होतो आणि सर्वांनाच हलके वाटते. काही दिवसांनी चार्जरची वायर कुरतडलेली सापडते, सोफ्याच्या अस्तराला भोक पडते, आणि एका रात्री तो फ्रिजच्या मागे जाऊन बसतो तो काही केल्या निघत नाही. मग मुलगा किंवा सून म्हणते, याला पुन्हा पिंजऱ्यातच ठेवू या. घरात दोन पक्ष पडतात. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य असते, म्हणून वाद मिटत नाही.

बंध कशाला म्हणावे

आजीची अस्वस्थता केवळ मायेतून आलेली नसते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रतिक्रमणात श्रावक ज्यांची आलोचना करतो, त्यांत बंधाचा उल्लेख आहे, आणि बंध म्हणजे जिवाला बांधणे, कोंडणे, त्याच्या इच्छित गतीला अडवणे. शिवाय जैन घरातील प्रत्येक मुलाने अरिष्टनेमींची कथा ऐकलेली असते. विवाहासाठी निघालेल्या राजकुमाराला वाटेत वाड्यांत आणि पिंजऱ्यांत कोंडलेले भयभीत पशू दिसले, ते भोजनासाठी आणले आहेत असे कळले, आणि त्याने रथ मागे फिरवला. पुढे गिरनारपर्यंत गेलेल्या त्या वाटेची सुरुवात एका कोंडवाड्यापासून झाली. अशा संस्कारात वाढलेल्या मनाला दिवाणखान्यातला पिंजरा बोचणार, हे स्वाभाविकच आहे.

परंतु परंपरा येथे थांबलेली नाही. श्रावकाचाराच्या टीकाग्रंथांत बंधाचा बारकाईने विचार झालेला आहे. निष्कारण बांधणे सर्वथा वर्ज्य. सकारण बांधण्याचे पुन्हा दोन प्रकार: निरपेक्ष आणि सापेक्ष. निर्दयपणे, आवळून, जिवाला हलताही येणार नाही असे बांधणे हे निरपेक्ष. सापेक्ष बंध म्हणजे सैल गाठीचा, आग वगैरे संकट आले तर चटकन सोडता येईल असा. आणि त्यापुढे टीकाकार एक अशी अपेक्षा ठेवतात, जी आजच्या पशुप्रेमींनाही वाचून नवल वाटेल: श्रावकाने असेच पशू बाळगावेत, जे न बांधताही आपल्यापाशी राहतील.

याचा अर्थ असा की, कुंपण आहे की नाही एवढ्यावर बंधाचा निवाडा होत नाही. ते कोणत्या हेतूने घातले, आत असलेल्या जिवाला त्रास होतो का, आणि वेळ आली तर ते उघडते का, हेही पाहावे लागते. मुंबईच्या जीवदयेचा इतिहास हेच सांगतो. 1832 मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून शहरात दंगल उसळली, आणि पाठोपाठ 1834 मध्ये भुलेश्वरला मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. जमशेटजी जीजीभाईंसारखे पारशी धनिक आणि गुजराती महाजन त्यामागे होते. पांजरापोळ या शब्दातच पांजरा, म्हणजे पिंजरा, आहे. जखमी, म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या जनावरांना चार भिंतींच्या आत घेणाऱ्या संस्थेला हे नाव देताना त्या पिढीला त्यात विसंगती दिसली नाही. ती भिंत आतल्या जिवाच्या रक्षणासाठी होती, हे तिला ठाऊक होते.

फ्रिजच्या मागे काय असते

आता सशाकडे वळावे, कारण अखेरीस जागा त्याला हवी आहे आणि त्याचा कौल त्याच्या देहात आणि स्वभावात लिहिलेला आहे.

मराठीत ससा हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो, आणि बराच घोटाळा तेथूनच सुरू होतो. आपल्या माळरानांवर, शेतांच्या बांधांवर दिसणारा रानससा बीळ खोदत नाही. गवतात अंगापुरती खोलगट जागा करून तो उघड्यावर बसतो आणि संकट आले की लांब पायांच्या जोरावर पळत सुटतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. हा वन्य प्राणी आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण आहे आणि तो घरात पाळता येत नाही. दुकानांत विकला जाणारा पांढरा, करडा किंवा ठिपक्यांचा ससा मुळात युरोपातला, स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतला. तो खोदणारा प्राणी आहे. जमिनीखाली बोगद्यांचे जाळे करून त्याचे कुटुंब राहते, त्याची पिल्ले आंधळी आणि उघड्या अंगाची जन्मतात आणि बिळातच वाढतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो चरायला बाहेर पडतो. दिवसाचा मोठा भाग आणि प्रत्येक भीतीचा क्षण तो बिळात घालवतो.

अशा प्राण्याला लखलखीत लाद्यांच्या दिवाणखान्यात मोकळे सोडले, तर माणसाला ते स्वातंत्र्य दिसते. सशाच्या दृष्टीने ते बीळ नसलेले उघडे रान आहे. वर पंखा फिरतो, मिक्सर गरजतो, दाराची घंटा वाजते, मोठमोठे पाय इकडून तिकडे जातात, आणि लपायला जागा कुठेच नाही. तो फ्रिजच्या मागे जातो, कारण साऱ्या घरात बिळाशी साम्य असलेली तेवढीच जागा त्याला सापडते: अरुंद, अंधारी, तीन बाजूंनी बंद. त्याने आपले घर स्वतःच शोधून काढलेले असते. दुर्दैवाने तेथे तारा असतात, धूळ असते आणि कोणाचा हात पोहोचत नाही.

मोकळे फिरणे त्याला हवेच, याविषयी शंका नाही. सशाचा सांगाडा अतिशय हलका असतो, शरीराच्या वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के, आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र बलवान. हिंडण्याफिरण्यावाचून ती हाडे आणखी ठिसूळ होतात. त्याच्या पायांना मांजरासारख्या गाद्या नसतात, केवळ केस असतात, त्यामुळे तारेच्या जाळीवर बसून बसून टाचांना जखमा होतात. आनंदात असलेला ससा धावता धावता हवेत उसळतो आणि अंगाला पीळ देऊन उलट्या दिशेला उतरतो. हे ज्यांनी एकदा पाहिले, त्यांना दोन फुटांचा पिंजरा पुन्हा माळ्यावरून काढवत नाही. कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील अकराव्या कलमानुसार, ज्यात प्राण्याला वाजवी हालचालीपुरतीही उंची, लांबी, रुंदी मिळत नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे हा गुन्हा आहे. दुकानातून सशाबरोबर येणारे बहुतेक पिंजरे या कसोटीला उतरणार नाहीत.

म्हणजे पिंजरा नको. पण बीळ हवे, आणि ज्याला येथे 'स्वतःची जागा' म्हटले आहे ती या बिळाच्या अर्थाने. अमेरिकेत 1988 मध्ये स्थापन झालेल्या हाऊस रॅबिट सोसायटीने सशाला अंगणातल्या खुराड्यातून माणसांच्या घरात आणण्याचा पुरस्कार केला. मोकळ्या सशांचा एवढा कैवार घेणारी ही मंडळीसुद्धा प्रत्येक सशाला घरात एक ठरलेले ठिकाण असावे, असेच सांगतात.

लेंड्या मोजणारी माया

या ठरलेल्या ठिकाणाचा सर्वांत मोठा लाभ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तो जीव वाचवणारा आहे.

सशाचे आतडे अखंड चालू राहावे लागते. त्याच्या आहाराचा चार-पंचमांशांहून अधिक भाग सुके गवत असतो. ते दिवसरात्र थोडे थोडे चघळत राहावे, त्याने जन्मभर वाढणारे दात झिजावेत आणि पोट हलते राहावे, अशी निसर्गाची योजना आहे. काही कारणाने ही साखळी तुटली, भीतीने, उष्म्याने, दातदुखीने किंवा पोटात वायू धरल्याने, तर आतडे मंदावते आणि थांबते. दहा-बारा तास ससा काही खात नसेल आणि लेंड्या टाकत नसेल, तर ती तातडीची अवस्था समजून पशुवैद्याकडे धाव घ्यावी लागते. दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहणे अनेकदा जिवावर बेतते.

पण हे कळणार कसे? ससा दुखले तरी ओरडत नाही. ज्याची शिकार होते त्या प्राण्याने आजार लपवायचा असतो, कारण अशक्त दिसणारा आधी टिपला जातो. घरभर हिंडणाऱ्या सशाच्या लेंड्या खाटेखाली, पडद्याआड, झोपाळ्याच्या कडेला विखुरतात. सकाळी कामाला येणारी बाई केरातून त्या भरून नेते. काल किती होत्या, आज किती आहेत, त्या लहान झाल्या का, हे कोणालाच ठाऊक नसते. ससा 'आज जरा शांत आहे' एवढेच घर म्हणते. त्याउलट ज्या सशाला आपला कोपरा आहे, तो तेथील तसराळ्यातच बहुतेक विधी करतो, कारण ससा स्वभावतः ठरावीक जागा धरणारा आहे. मग सकाळी एका नजरेत कळते: गवताची जुडी रात्रभर तशीच आहे, तसराळे रिकामे आहे. या एका नजरेने किती ससे वाचतात, हे पशुवैद्यांना विचारावे.

उन्हाळ्याचेही तसेच. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान अठ्ठावीस-तीस अंशांच्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो, आणि खाडी व मिठागरांच्या मधोमध वसलेल्या भाईंदरची दमट हवा त्यात भर घालते. एप्रिल-मे महिन्यांत बाल्कनीत, विशेषतः पश्चिमेकडच्या, त्याचे ठिकाण कदापि करू नये. दिवाणखान्याची आतली, वाऱ्याची बाजू निवडावी. ओल्या फडक्याने कान पुसावेत, गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी. ठिकाण ठरलेले असेल तर ही व्यवस्था करता येते. दुपारी तीन वाजता ससा नेमका कोणत्या कपाटाखाली आहे हे शोधत बसण्यात वेळ जात नाही.

दिवाणखान्यातले इतर धोके ज्याच्या त्याच्या घरानुसार निराळे. वायरींचा उल्लेख झालाच. त्या प्लॅस्टिकच्या नळीतून न्याव्यात किंवा उंचावर बांधाव्यात, यावाचून उपाय नाही. गुजराती-मारवाडी घरांतला झोपाळा हा मात्र खास इकडचा धोका आहे. त्याच्याखालची सावली सशाला आवडते, आणि परतीच्या झोक्याला ती पाट मारते. मनी प्लांट, कण्हेर, अडेनियम ही बाल्कनीतली रोपटी त्याला विषारी आहेत. गुळगुळीत लाद्यांवर त्याचे पाय फाकतात, म्हणून सतरंजी हवी. खिडकीच्या जाळीतले अंतर पिल्लाच्या डोक्याएवढे असले, तर आठव्या मजल्याचे काय होईल हे सांगायला नको.

किती जागा

ब्रिटनमधील रॅबिट वेल्फेअर असोसिएशनची शिफारस अशी आहे की, दोन सशांना सदैव उपलब्ध असलेली सलग जागा किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच असावी. आपल्या हिशेबात दहा फूट गुणिले साडेसहा फूट, म्हणजे पासष्ट चौरस फूट. मीरा रोडच्या एक बेडरूमच्या घरात दिवाणखानाच दीडशे चौरस फुटांच्या आसपास असतो. त्यातला जवळजवळ अर्धा भाग सशाला द्या असे सांगणे म्हणजे थट्टाच. म्हणून केवळ कुंपणाच्या आत ससा ठेवण्याचा पर्याय येथल्या बहुतेक घरांना खुला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आणि नेमक्या याच कारणासाठी मोकळे फिरणे व स्वतःचा कोपरा ही दोन्ही एकत्र लागतात. कोपरा लहान असला तर चालतो, कारण त्याचे दार उघडे असते.

चार फूट लांब, चार फूट रुंद असा घडीच्या जाळीचा कठडा, उंची तीन फूट, एवढ्यात काम होते. आत सशाला तीन उड्या घेता याव्यात, मागच्या पायांवर कान ताठ करून उभे राहता यावे आणि हातपाय पसरून झोपता यावे, ही साधी कसोटी. खाली सतरंजी, एका बाजूला वर्तमानपत्र व सुके गवत घातलेले तसराळे, जड मातीच्या भांड्यात पाणी, आणि दोन दारे कापलेला पुठ्ठ्याचा खोका. दोन दारे अशासाठी की, बिळाला मागची वाट नसेल तर सशाला ते बीळ वाटत नाही, सापळा वाटतो. हा खोका महिन्याभरात कुरतडून संपतो. तो संपावा यासाठीच असतो.

दार केव्हा बंद करावे? घर पुसताना, रंगकाम किंवा दुरुस्ती चालू असताना, पाहुण्यांची लहान मुले आलेली असताना, दिवाळीच्या रात्री, ससा आजारी असेल तेव्हा, आणि तो नवा असेल तर पहिले काही दिवस. तारा अजून झाकल्या नसतील तर रात्रीही. पर्युषणात सारे कुटुंब प्रतिक्रमणाला गेले असताना दोन-तीन तास त्याला आत ठेवणे त्याच्या हिताचेच आहे. टीकाकारांच्या भाषेत हा सापेक्ष बंध. पण एक नियम कधीही मोडू नये: शिक्षा म्हणून त्याला आत टाकायचे नाही. सोफा कुरतडला म्हणून उचलून कठड्यात टाकलेला ससा त्या जागेलाच घाबरू लागतो, आणि मग ती जागा त्याची राहत नाही.

कठडा माणसांनाही लागू असतो. ससा हनुवटी घासून आपल्या वस्तूंवर गंध सोडतो आणि त्या जागेचा धनी होतो. आत हात घालून ओढून काढू पाहणाऱ्याला, विशेषतः मादी, गुरगुरून चावते. लोक त्याला तुसडेपणा म्हणतात. मुलांना एवढेच शिकवावे की, तो आत असताना त्याला हात लावायचा नाही, बाहेर आला की जमिनीवर बसून वाट पाहायची. उचलून घेणेही टाळावे, कारण घाबरून मारलेल्या लाथेने त्याचाच कणा मोडू शकतो. मेघकुमाराच्या पूर्वभवातल्या हत्तीची कथा मुलांना माहीत असते. वणव्यात सारे प्राणी मोकळ्या केलेल्या मंडलात दाटीने उभे, हत्तीने अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्या जागेत एक ससा येऊन बसला, आणि त्या सशाला चिरडू नये म्हणून हत्ती अडीच दिवस तीन पायांवर उभा राहिला. ससा हात लावायला देत नाही म्हणून रुसलेल्या मुलाला ही कथा सांगून पाहावी.

जोडी, शस्त्रक्रिया आणि गाजर

ससा हा कळपाचा प्राणी आहे, एकटा तो खंतावतो, म्हणून जोडी घेण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे, पण त्यातून जैन घरात एक खरी अडचण निर्माण होते. मादीला सुमारे एकतीस दिवसांत पिल्ले होतात आणि प्रसूतीनंतर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. दोन नर एकत्र ठेवले तर वयात आल्यावर एकमेकांना गंभीर जखमा करतात. पशुवैद्य शस्त्रक्रियेने नसबंदी सुचवतात, आणि मादीच्या बाबतीत त्याला आणखी सबळ कारण आहे: न केल्यास वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार मोठा असतो. पण अवयवच्छेद हा अतिचारांपैकी एक, आणि पशूंचे खच्चीकरण करण्याचा व्यवसाय, निर्लांछन कर्म, हे पंधरा कर्मादानांत गणलेले. आजारातून वाचवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि धंद्यासाठी केलेला छेद यांत हेतूचे अंतर आहे, असे अनेकांना वाटते. काहींचे मन तरीही धजत नाही. हा निर्णय कुटुंबाने पशुवैद्याशी आणि आपल्या गुरुभगवंतांशी बोलून घ्यावा. मात्र शस्त्रक्रिया नको असे ठरले, तर नर आणि मादी यांना कायमचे वेगळे ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. तेथे कठडा ऐच्छिक राहत नाही, आणि एकाऐवजी दोन लागतात. हे जमणार नसेल तर नर-मादी आणूच नयेत. महिन्यामहिन्याला जन्मणाऱ्या पिल्लांना घरे शोधणे कोणाच्याच आवाक्यात नसते, आणि ती पिल्ले शेवटी कोठल्या पिंजऱ्यात पोहोचतात याचा माग कोणी काढत नाही.

आहाराच्या बाबतीत जैन घराची शिस्त उलट सशाच्या पथ्यावर पडते. चित्रांतला ससा नेहमी गाजर खातो. खऱ्या सशाला गाजरातली साखर सोसत नाही, कंदमुळांवाचून त्याचे काहीही अडत नाही. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असलेल्या घरात त्याच्या हिरव्या पाल्याचे काय, हा प्रश्न अधिक नाजूक. नियम ज्याने घेतला त्याचा असतो, मुक्या जिवाचा नाही, आणि त्याचे खाणे रोखणे हाच अन्नपाननिरोध. पण ज्यांना त्या चार महिन्यांत पाला हाताळायचाच नसेल, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, उत्तम सुके गवत हेच सशाचे मुख्य अन्न आहे. मात्र मूळ आहारातला बदल हळूहळू करावा, एका रात्रीत नव्हे. भाताचा पेंढा ही गवताची जागा घेऊ शकत नाही. आणि सूर्यास्तानंतर घराची चूल थंडावली, तरी सशापुढचे गवत उचलायचे नाही. त्याची जेवणाची वेळ तेव्हाच सुरू होते.

ठरलेल्या कोपऱ्याचा आणखी एक उपयोग केवळ आपल्याच घरांत लक्षात येईल. हिरवा पाला दिवाणखानाभर विखुरलेला असला, तर गोचरीसाठी आलेल्या साधू-साध्वीजींना पाऊल टाकणे कठीण होते, आणि पाल्याला स्पर्श झालेल्या हातून ते वहोरत नाहीत. पाला कठड्याच्या आतच द्यायचा अशी सवय ठेवली, तर दाराशी धर्मलाभ ऐकू आल्यावर धावपळ होत नाही.

'सोडून देऊ' असे वाटले तर

वाद विकोपाला गेला की घरात तिसरा आवाज निघतो: कोंडायचेही नको, फर्निचरही जायला नको, त्याला निसर्गात सोडून देऊ. काशीमिरा, घोडबंदरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान हाकेच्या अंतरावर आहे, गोराई-उत्तनकडे झाडी आहे. हेतू दयेचा असतो. परिणाम जवळजवळ निश्चित मृत्यू. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने पाळलेला, पांढऱ्या रंगाचा, बिळाविना उघड्यावर पडलेला हा प्राणी त्या जंगलात बिबट्या, मुंगूस, घुबड आणि काठावरच्या भटक्या कुत्र्यांपुढे एक रात्रही क्वचित काढतो. तो आपल्या रानातला नाहीच, आणि पाळीव जनावर असे टाकून देणे हाही 1960 च्या त्याच अधिनियमाखाली गुन्हा आहे. ज्यांना खरोखरच सांभाळणे शक्य नाही, त्यांनी त्याला सांभाळणारे दुसरे घर शोधावे, आणि शोध लागेपर्यंत कठडा लावावा.

नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो. आठ वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला आणलेला ससा त्याच्या महाविद्यालयाच्या दिवसांतही घरात असेल. मधल्या काळात कुटुंब पालिताणा किंवा सम्मेदशिखरजीला जाईल, लग्नकार्यांना गावी जाईल, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली जाईल. सशाचे ठिकाण ठरलेले असेल, तर त्यांच्यासाठी दारामागे एक चिठ्ठी पुरते: पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावे, गवत सदैव भरलेले असावे, तसराळ्यात लेंड्या दिसल्या नाहीत किंवा गवत तसेच राहिले तर लगेच फोन करावा, रात्र उलटू देऊ नये. खाली पशुवैद्याचा क्रमांक.